गांधीसागराकाठी पृथ्वीची सावली

सूर्याच्या विरुद्ध दिशेला पृथ्वीची सावली अवकाशात सुमारे चौदा लाख किलोमीटरपर्यंत निमुळती होत गेलेली असते. चंद्र जिथून फिरतो तिथे तिची रुंदी अजून सुमारे ९,२०० किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या जवळजवळ पावणेतीन पट उरते. ही सावली कायमच असते. दिसत नाही, कारण रिकाम्या अवकाशात ती पडायला काही नसते. पौर्णिमेचा चंद्र तिच्यात शिरला की काही तास तिचा आकार, तिची कड आणि तिचा रंग पृथ्वीवरूनच पाहता येतो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. ७ सप्टेंबर २०२५ च्या भाद्रपद पौर्णिमेला तो सावलीत पूर्ण बुडाला आणि ते खग्रास ग्रहण स्पर्शापासून मोक्षापर्यंत सगळेच्या सगळे नागपूरच्या आकाशातले होते.

संशोधनाची मोठी दुर्बीण नागपुरात नाही. महाराष्ट्रात तशी दुर्बीण पाहायची तर जुन्नरजवळच्या गिरवलीला, 'आयुका' या खगोलसंस्थेच्या दोन मीटर व्यासाच्या आरशापाशी जावे लागते. नागपूरकरांचे आकाशदर्शन रमण विज्ञान केंद्राभोवती फिरते. रेल्वे स्थानकातून मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गाने एकच स्थानक पुढे गेले की कॉटन मार्केट लागते आणि तिथून गांधीसागर तलाव जवळच आहे. जुने लोक त्याला अजून शुक्रवारी तलाव किंवा जुम्मा तलाव म्हणतात. देवगडच्या गोंड घराण्यातल्या चांद सुलतानाने अठराव्या शतकात तो घडवला. तलावासमोरचे विज्ञान केंद्र ७ मार्च १९९२ रोजी सुरू झाले आणि तारांगणाची त्यात भर पडली ती १९९७ च्या जानेवारीत. दिवसा इथे शाळांच्या सहली येतात. मुले आवारातल्या डायनासोरांच्या प्रतिकृतींपाशी रेंगाळतात आणि मग तारांगणाच्या घुमटाखाली जाऊन बसतात. घुमटाखाली आकाश समजावून घ्यायचे आणि बाहेर येऊन ते खरे पाहायचे, या क्रमाने येणारा प्रवासी ग्रहणाच्या रात्री गोंधळत नाही.

केंद्राला ज्यांचे नाव आहे त्या चंद्रशेखर वेंकट रमण यांचा या शहराशी थोडा काळ का होईना, प्रत्यक्ष संबंध होता. १९०७ मध्ये ते सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला लागले. कोलकात्याहून रंगूनला आणि रंगूनहून १९१० मध्ये नागपूरला त्यांची बदली झाली. पुढच्याच वर्षी ते कोलकात्याला परतले. प्रकाशाचे विकिरण हा त्यांच्या आयुष्याचा विषय झाला तो नंतर. ग्रहणातल्या चंद्राचा तांबडा रंग त्याच विषयाच्या एका जुन्या शाखेत मोडतो, त्यामुळे या आवारातून ग्रहण पाहण्याला एक औचित्य आहे.

ग्रहणाच्या वेळा मराठी घरांत पंचांगातून कळतात आणि त्यामागे दीर्घ गणिती परंपरा आहे. चंद्राला पृथ्वीची छाया झाकते हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या ग्रंथात स्पष्ट लिहिले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचून ग्रहगणित इतके सोपे केले की ज्या-चापांच्या कोष्टकांशिवाय नुसत्या बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकारावर ग्रहणाची वेळ काढता येऊ लागली. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगे त्यावर चालली. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे नव्या वेधांशी जुळणारे गणित मराठीत आणले. पंचांग ग्रहणाचे पाच क्षण देते. चंद्राची कड गडद छायेला लागते तो स्पर्श, पूर्ण बिंब बुडते ते संमीलन, मग मध्य, पुन्हा प्रकाशाची पहिली कड उजळते ते उन्मीलन आणि छाया सुटते तो मोक्ष. दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या माणसालाही याहून चांगली परिभाषा सापडणार नाही.

७ सप्टेंबरच्या रात्री हे क्षण असे होते: स्पर्श ९:५७, संमीलन ११:०१, मध्य ११:४२, उन्मीलन १२:२३, मोक्ष १:२६. खग्रास अवस्था ८२ मिनिटे टिकली. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणजे नऊ तास आधी लागतात, त्यामुळे वेध पाळणाऱ्या घरांत दुपारपासूनच जेवणखाण बंद होते. शिजलेल्या अन्नात आणि पाण्यात तुळशीपत्र किंवा दर्भ टाकून ठेवण्याची, गरोदर बाईने काही चिरू-कापू नये अशी आणि मोक्षानंतर स्नान व दान करण्याची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. 'दे दान, सुटे गिरान' ही आरोळी मात्र आता शहरात क्वचितच ऐकू येते. दान, स्नान, जप ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. ग्रहण पाहूच नये ही समजूत मात्र सोडून द्यावी अशी आहे. चंद्रग्रहणात डोळ्यांवर येतो तो पौर्णिमेहूनही मंद प्रकाश. त्यासाठी काळ्या चष्म्याची किंवा फिल्टरची गरज नसते. गरोदर बाईने, लहान मुलाने, आजीने, कोणीही ते उघड्या डोळ्यांनी पाहावे.

नागपूरचे अक्षवृत्त २१ अंश ९ मिनिटे. त्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवला. स्पर्शाच्या वेळी तो आग्नेयेला क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर चढला होता आणि मध्याच्या सुमारास जवळजवळ दक्षिणेला, ६२ अंशांवर होता. शहरातल्या माणसासाठी ही फार सोयीची जागा. इमारती, झाडे आणि दिव्यांचे खांब आड येत नाहीत, मानही फार मोडावी लागत नाही. भाद्रपद या महिन्याचे नाव ज्या नक्षत्रांवरून पडले त्यातल्या पूर्वाभाद्रपदाच्या टापूत, कुंभ राशीत चंद्र होता. त्याच्या पूर्वेला, लांब धरलेल्या हाताच्या वितीहून थोड्या कमी अंतरावर शनी होता.

८:५८ ला चंद्र उपछायेत शिरला, पण त्या वेळी काहीच दिसत नाही. उपछायेत सूर्याचा काही भागच झाकलेला असतो आणि चंद्राची चकाकी इतकी असते की सुरुवातीची घट डोळ्याला जाणवत नाही. साडेनऊच्या पुढे डावीकडच्या कडेवर धुरकट छटा येते. नेहमीच्या पाहणाऱ्याला ती आधी कळते. पहिल्यांदा आलेल्याला ती ढगाची वाटते. ९:५७ नंतर गडद छाया त्याच कडेने आत सरकते. लहान दुर्बिणीत, अगदी ६० मिलिमीटर व्यासाच्या भिंगातही, छाया एकेक विवर गिळताना दिसते. आधी काळसर तळाचे ग्रिमाल्डी, मग चंद्रावरचे सर्वांत तेजस्वी विवर अ‍ॅरिस्टार्कस, मग कोपर्निकस, त्यानंतर दक्षिणेकडचे किरणांचे टायको आणि अगदी शेवटी उजव्या कडेचा संकटांचा सागर.

या विवरांच्या वेळा टिपणे हे हौशी निरीक्षकाचे खरे काम आहे. छाया विवराच्या एका काठाला लागली ती वेळ आणि पलीकडच्या काठाला पोहोचली ती वेळ, दोन्ही सेकंदांसह लिहून त्यांची सरासरी काढतात. छायेची कड धूसर असल्याने दोन निरीक्षकांच्या नोंदी अर्ध्या मिनिटानेही चुकतात, म्हणून नोंदी जितक्या जास्त तितके चांगले. याच पद्धतीच्या नोंदींमधून एक जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा खरी ठरली आहे: प्रत्यक्षातली छाया नुसत्या भूमितीने काढलेल्या छायेपेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी मोठी असते. फ्रेंच ज्योतिर्विद फिलिप द ला हिर यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवले. पृथ्वीभोवतालची हवाही सावली पाडते, हे त्याचे कारण. छापलेल्या वेळा काढताना ही वाढ आजही धरावी लागते.

विवरे ओळखता येत नसली तरी एक मोजमाप कोणालाही जमते आणि ते चुकवू नये. चंद्र साधारण अर्धा झाकला गेला की छायेची कड कागदावर काढून घ्यावी किंवा मोबाइल दुर्बिणीला लावून छायाचित्र घ्यावे. ती कड नेहमी वर्तुळाचा तुकडा असते. चंद्र क्षितिजाजवळ असो वा माथ्यावर, ग्रहण संध्याकाळी असो वा पहाटे, आकार बदलत नाही. कोणत्याही बाजूने गोल सावली पाडणारी वस्तू गोळाच असू शकते, हा तर्क अ‍ॅरिस्टॉटलने याच कडेवरून मांडला होता. आता कंपासने ते वर्तुळ पुरे केले आणि त्याचा व्यास चंद्राच्या व्यासाशी ताडून पाहिला, तर गुणोत्तर अडीच ते तीनच्या दरम्यान येते. सामोसच्या अ‍ॅरिस्टार्कसने ते दोन धरले होते, टॉलेमीने दोन पूर्णांक तीन पंचमांश.

पुढचा टप्पा सुंदर आहे. पृथ्वीवरून सूर्य आणि चंद्र जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात. त्यामुळे पृथ्वीपासून चंद्रापर्यंत पोहोचेतो सावली जवळजवळ एका चंद्रव्यासाने अरुंद होते. म्हणजे सावली पावणेतीन चंद्रांएवढी असेल, तर तिला पाडणारी पृथ्वी पावणेचार चंद्रांएवढी असली पाहिजे. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, चंद्राचा ३,४७४, भागाकार ३.६७. गांधीसागराच्या काठावर कागद, पेन्सिल आणि कंपास घेऊन बसलेल्या नववीच्या विद्यार्थ्याचे उत्तर याच्या आसपास येते, आणि त्यासाठी त्याला कुठल्याही पुस्तकावर विश्वास ठेवावा लागत नाही. शाळांनी ग्रहणाच्या रात्री मुलांना बाहेर आणावे ते एवढ्यासाठी.

११:०१ नंतरचा चंद्र काळा होत नाही. चंद्रावरून पाहणाऱ्याला या वेळी पृथ्वी सूर्याला पूर्ण झाकताना दिसेल आणि पृथ्वीच्या काळ्या बिंबाभोवती प्रकाशाचे तांबडे कडे दिसेल. चंद्रावर उतरलेल्या सर्व्हेअर-३ या यानाने २४ एप्रिल १९६७ रोजी तिथून या कड्याचे छायाचित्र घेतलेही आहे. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत असतो, तिथल्या हवेतून वाकलेले किरण मिळून हे कडे बनते. हवेच्या रेणूंनी निळा प्रकाश इतस्ततः विखुरलेला असतो. लांबचा पल्ला पार करून सावलीत उतरतो तो मुख्यतः तांबडा. संमीलनाच्या थोडे आधी आणि उन्मीलनानंतर लगेच छायेच्या कडेला एक निळसर पट्टा दुर्बिणीत दिसू शकतो. तो वातावरणाच्या वरच्या थरातून आलेल्या प्रकाशाचा असतो. तिथला ओझोन तांबडा प्रकाश शोषतो, निळा जाऊ देतो. खग्रास चंद्र बघताना या पट्ट्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही.

त्या रात्री चंद्र छायेच्या मध्यापासून थोडा दक्षिणेकडून गेला. अशा ग्रहणात दक्षिणेकडची, म्हणजे टायकोची बाजू जास्त उजळ आणि उत्तरेकडची जास्त गडद असते. चंद्राचे तेज दहा हजार पटींहून अधिक घटते. पौर्णिमेच्या रात्री न दिसणारे तारे वर येतात: चंद्राच्या जवळजवळ बरोबर खाली फोमलहॉट, वर महाअश्वाचा मोठा चौकोन. धरमपेठ किंवा सीताबर्डीच्या झगमगाटातून हे अर्धेमुर्धेच कळते. रामटेकच्या गडावरून किंवा शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या कुठल्याही उघड्या शिवारातून ते पुरते दिसते. स्पर्श आणि मोक्ष यांच्यासाठी शहर पुरे. खग्रास अवस्थेसाठी अंधार हवा.

प्रत्येक खग्रास चंद्राचा रंग वेगळा असतो. फ्रेंच ज्योतिर्विद आंद्रे दान्जों यांनी १९२१ मध्ये त्यासाठी शून्य ते चार अशी श्रेणी सुचवली. शून्य म्हणजे जवळजवळ अदृश्य चंद्र, दोन म्हणजे गंजासारखा तांबडा, चार म्हणजे तेजस्वी नारिंगी. ही नोंद उघड्या डोळ्यांनीच करतात आणि ती पृथ्वीच्या हवेची तपासणी ठरते. बालीचा आगुंग ज्वालामुखी १९६३ मध्ये फुटला. त्या वर्षीच्या ३० डिसेंबरचे ग्रहण विलक्षण काळे होते. फिलिपीन्सचा पिनाटुबो जून १९९१ मध्ये फुटला आणि रमण विज्ञान केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, १० डिसेंबर १९९२ च्या पहाटे भारतातून दिसलेला खग्रास चंद्र असाच काळवंडलेला होता. दीड वर्षानंतरही ज्वालामुखीतून आलेले गंधकाम्लाचे कण वरच्या हवेत तरंगत होते. ते वातावरण मोजायला आज उपग्रह आहेत. तरी शंभर वर्षांच्या तुलनेसाठी डोळ्यांनी टिपलेल्या या जुन्या नोंदींचे मोल कमी झालेले नाही.

मोठ्या वेधशाळांनी ग्रहणाचा उपयोग चंद्राची जमीन तपासण्यासाठी केला. सावली येताच चंद्रावरचे ऊन काही मिनिटांत बंद होते, असा प्रयोग एरवी कोणी घडवू शकत नाही. १९२७ च्या ग्रहणात माउंट विल्सनवर पेटिट आणि निकोल्सन यांनी चंद्राचे तापमान मोजले. ते दीडशे अंश सेल्सिअसहून अधिक घसरले होते. घन खडक इतक्या लवकर थंड होत नाही. यावरून चंद्राचा वरचा थर उष्णता न धरणाऱ्या बारीक धुळीचा आहे हे माणूस तिथे पोहोचण्याच्या चाळीसेक वर्षे आधी कळले. १९६० मध्ये याच पद्धतीने टायको विवर आसपासच्या जमिनीपेक्षा उशिरा थंडावते असे आढळले. तिथे धुळीखाली न गेलेले उघडे दगड आहेत.

नागपूरच्या बाबतीत ग्रहणाचा आणखी एक जुना उपयोग सांगायला हवा. सूर्यग्रहण ठिकाणागणिक वेगळ्या वेळी दिसते. चंद्रग्रहणाचे क्षण मात्र सगळ्या पृथ्वीसाठी एकच असतात. दोन गावांनी स्पर्शाची आपापली स्थानिक वेळ लिहिली, तर त्यांतला फरक म्हणजे त्यांच्या रेखांशांतला फरक, चार मिनिटांना एक अंश. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर धरलेली आहे. नागपूर ७९ अंश ५ मिनिटांवर असल्याने इथली सूर्याची वेळ तिच्यापेक्षा साडेतेरा मिनिटांहून थोडी अधिक मागे पडते. ७ सप्टेंबरच्या रात्री चंद्र बाराला नव्हे तर बारा वाजून गेल्यावर दक्षिणेला आला, त्यात या फरकाचा वाटा मोठा. स्पेनच्या राजदरबाराने १५७७ आणि १५७८ च्या ग्रहणांत आपल्या वसाहतींचे रेखांश अशा नोंदींवरून काढण्याची आज्ञा दिली होती. अडचण धूसर कडेची. वेळेत एका मिनिटाची चूक झाली, तर नागपूरच्या अक्षवृत्तावर जागा सुमारे २६ किलोमीटर सरकते, म्हणजे नागपूरचे कामठीच्याही पलीकडे जाते. देशाचा अचूक नकाशा व्हायला जमिनीवरचे त्रिकोण लागले. ते मोजणाऱ्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर असतानाच जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्याच सर्वेक्षणाच्या परंपरेतला झिरो माइलचा दगडी स्तंभ सीताबर्डीजवळ उभा आहे. ग्रहणासाठी आलेल्या प्रवाशाच्या हाती दिवस मोकळा असेल, तर या दोन ठिकाणांना जाऊन यावे.

उन्मीलनानंतर सगळे उलट क्रमाने घडते. गर्दी मात्र तोवर पांगलेली असते, त्यामुळे दुर्बिणीवर निवांत वेळ मिळतो आणि आधी हुकलेल्या नोंदी इथे भरून काढता येतात. मोक्षानंतरही चंद्र पहाटे २:२५ पर्यंत उपछायेत होता. त्या वेळी मेट्रो बंद असते, ऑटोची सोय आधी करून ठेवावी.

ग्रहणे १८ वर्षे, ११ दिवस आणि ८ तासांनी फिरून येतात. या चक्राला सॅरोस म्हणतात. त्यातल्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचे ग्रहण तेवढे पश्चिमेकडच्या प्रदेशांच्या वाट्याला जाते. ७ सप्टेंबर २०२५ चे मागचे भावंड २८ ऑगस्ट २००७ चे. त्याचा मोक्ष नागपुरात चंद्र उगवण्याआधीच होऊन गेला होता. पुढचे भावंड १९ सप्टेंबर २०४३ चे. त्याचा स्पर्श नागपुरात पहाटे साडेपाचनंतर होईल आणि चंद्र ग्रस्तास्त, म्हणजे ग्रहण लागलेलाच मावळेल. इतर चक्रांतली ग्रहणे मधूनमधून येतात. ३ मार्च २०२६ चे, फाल्गुन पौर्णिमेचे ग्रहण नागपूरसाठी ग्रस्तोदित होते, म्हणजे चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार होता. मोक्ष ६:४७ ला असल्याने चंद्रोदयानंतर जेमतेम पंचवीस मिनिटे हाती येत होती आणि त्यासाठी पूर्वेचे क्षितिज मोकळे असणे गरजेचे होते.

विदर्भात ग्रहणाचा खरा शत्रू पाऊस. २७-२८ जुलै २०१८ चे १०३ मिनिटांचे, या शतकातले सर्वांत लांब खग्रास ग्रहण ऐन पावसाळ्यात, गुरुपौर्णिमेला आले. २०२५ चेही पावसाच्याच महिन्यात. अशा ग्रहणासाठी निघण्याआधी सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज पाहावा आणि ढग अखंड नसतील तर आशा सोडू नये, कारण साडेतीन तासांच्या ग्रहणात फटी मिळतात. स्वच्छ हवेची बरीच आशा धरता येईल असे पुढचे खग्रास ग्रहण ३१ डिसेंबर २०२८ चे आहे. स्पर्श रात्री साडेआठनंतर, खग्रास अवस्था पावणेदहाच्या सुमारास सुरू होऊन ७१ मिनिटे, आणि मोक्ष मध्यरात्र उलटल्यावर काही मिनिटांनी, २०२९ च्या पहिल्या दिवशी. पौषातला चंद्र मोक्षाच्या वेळी नागपूरच्या जवळजवळ माथ्यावर असेल. थंडी मोठी असते, तेव्हा स्वेटर, कानटोपी, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, कागद आणि कंपास एवढे सामान पुरे.